रंग सोडून बाकी सगळं

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी भूशास्त्र शिकवतो. नवी बॅच आली की पहिल्या प्रॅक्टिकलला माझं एक वाक्य ठरलेलं असतं: खनिज ओळखताना रंगावर जाऊ नका. मग टेबलावर गारगोटीचे तुकडे मांडायचे, पांढरा, गुलाबी, धुरकट, जांभळा, आणि सांगायचं की बाबांनो, हे सगळं एकच आहे. थोडं काही परकं मिसळलं की रंग बदलतो, खनिज बदलत नाही. मुलं वहीत लिहून घेतात. काही जण त्याखाली रेघही मारतात.

वाक्यात खोटं काही नाही. कोणत्याही पाठ्यपुस्तकात ते सापडेल. पण मी ते इतक्या ठासून का सांगतो, त्याचं कारण पुस्तकात नाही. मला लाल आणि हिरवा वेगळे कळत नाहीत. जन्मापासूनच. हिरवी मिरची आणि पिकून लाल झालेली मिरची मला एकाच मातकट रंगाच्या, थोड्या गडद, थोड्या फिक्या दिसतात. पन्नाशी जवळ आली, आणि हे मी पहिल्यांदा कागदावर उतरवतो आहे.

या विषयात रंगावाचून फारसं अडत नाही, हे माझं नशीब. बराईट हातात घेतलं की कळतं, दिसतं त्यापेक्षा ते कितीतरी जड असतं. जिप्समवर नखाने ओरखडा उठतो. शंखजिऱ्यावर बोट फिरवलं तर ओल्या साबणावरून फिरवल्यासारखं वाटतं. कॅल्साईट कसंही फोडा, त्याचे तुकडे तिरप्या डबीसारखेच होतात, आणि त्यावर आम्लाचा थेंब टाकला की फेस येतो. गारगोटीने काच कापली जाते, आणि गालाला लावली तर ती काचेपेक्षा गार लागते. काही मातीचे दगड जिभेला चिकटतात. मी हे सगळं वर्गात डोळे मिटून करून दाखवतो. पोरं म्हणतात, सर न बघता ओळखतात. सर बघून ओळखू शकत नाहीत, हे त्यांना कधी सुचलं नाही.

एकच अडचण होती, ती रेघेची. खनिज खरखरीत पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर घासलं की भुकटीची रेघ उमटते, आणि तिचा रंग सहसा फसवत नाही. तिथे मी एक पद्धत पाडली. रेघ मी ओढायची आणि रंग मुलांनी सांगायचा. "हं, बोला, काय दिसतंय?" तीन-चार जणांचं एकमत झालं की मी मान डोलवायची. मुलांना बोलतं करणारे सर म्हणून माझं कौतुक झालं, ते या पद्धतीमुळे.

हे व्यंग मला कळलं ते नोकरीच्या वैद्यकीय तपासणीत. बी.एस्सी. झाल्या झाल्या एका खाणीतून बोलावणं आलं होतं. डॉक्टरांनी ठिपक्यांचं एक पुस्तक पुढे धरलं आणि आकडा वाचायला सांगितला. मला ठिपके दिसत होते, आकडा दिसत नव्हता. पान उलटलं. पुन्हा ठिपके. मग ते पानं भराभर उलटू लागले आणि माझ्याकडे बघायचे थांबले. तेव्हा मला आईचे भाऊ आठवले. पोळ्याला ते बैलाचं एक शिंग लाल रंगवत आणि दुसरं हिरवं, आणि गावातले लोक हसत. ते गमतीने करतात असं आम्हाला वाटायचं.

आंजीला, आमच्या गावी परतताना एसटीत बसल्या बसल्या मी काय सांगायचं ते ठरवून टाकलं. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. घरात शिरलो आणि म्हणालो, "मले नाई जायचं खाणीत. मले अजून शिकायचं हाय."

 वडिलांना ती नोकरी हवी होती, हे मला माहीत होतं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "शीक मंग." त्यानंतर जयंतीच्या दर कार्यक्रमात विहारात ते उभे राहून सांगायचे, "आमच्या पोरानं हातची नोकरी सोडली, पन शिक्षण नाई सोडलं." लोक टाळ्या वाजवायचे. वडील गेले तरी ती गोष्ट राहिली. आता दुसरे कोणी सांगतात, मला पुढे बोलावतात, हार घालतात. मी खाली बघत उभा राहतो. त्याला लोक नम्रपणा म्हणतात.

एम.एस्सी.ला मात्र माझं मन खरंच रमलं. दगडांच्या सहवासात मी सुखी झालो, आजही आहे. त्यामुळेच असेल, ते खोटं मला फार टोचत नव्हतं. टोचू लागलं ते भाच्यामुळे.

माझी थोरली बहीण कारंजा घाडग्याला दिलेली आहे. भाऊजींची संत्र्याची थोडी झाडं आहेत. भाचा शाळेत होता तेव्हाची गोष्ट. मी सुट्टीत गेलो होतो आणि बागेत तोड चालू होती. पोरगं उत्साहाने झाडावर चढून फळं काढत होतं. भाऊजींनी टोपलीत पाहिलं आणि भडकले.

"अबे, हिरवे काऊन तोडून राह्यला? डोये हायेत का बटन?"

भाच्याने दोन फळं दोन हातांत धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखलं. ते दुर्लक्ष नव्हतं. ठिपक्यांच्या पुस्तकापुढे माझाही चेहरा तसाच झाला असणार.

मी त्याला बाजूला घेतलं. अंगठ्याने साल दाबून बघायला शिकवलं. पिकलेल्या फळाची साल आतून सुटलेली असते, ती दबते, आणि वासही येतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या टोपलीत एक फळ चुकीचं नव्हतं. बहीण खूश झाली. "पाह्य, मामानं सांगतलं तं कसं बरोबर समजलं त्याले." मी हसलो. मी त्याला युक्ती दिली होती, कारण दिलं नव्हतं. हा दोष आईकडून मुलाकडे येतो, म्हणून मामाचा भाच्यात उतरलेला दिसतो, हे मी वाचलेलं होतं. कारण सांगायचं तर आधी स्वतःचं सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो आणि वर्षानुवर्षं गप्पच राहिलो.

पोरगं सुट्टीत आमच्याकडे वर्ध्याला यायचं ते रेल्वे बघायला. आमच्या घरामागून रूळ जातात. हॉर्न ऐकून तो इंजिन कोणतं ते सांगायचा. बारावी झाली आणि त्याने जाहीर केलं की आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं आणि मग रेल्वेत चालक व्हायचं. बहिणीने सगळ्या आळीत सांगून टाकलं, "माहा पोट्टा रेल्वे चालवन." मला पेढे आणून दिले. मी ते खाल्ले.

माझ्या बायकोला माझं व्यंग लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. मी गप्प राहायला सांगितलं म्हणून ती गप्प होती. पेढ्यांचा डबा तिने माझ्यासमोर आपटला.

"अजी, तुम्ही सांगता का मी सांगू?"

"पन त्याचं नक्की कुठं हाय."

"मंग नक्की करा. तुमची तं लॅबच हाय."

आयटीआयची सीट पक्की करायला भाचा आमच्याकडे येऊन राहिला होता. दुसऱ्या दिवशी कागद द्यायचे होते. सुट्टीचा दिवस होता. मी त्याला कॉलेजात घेऊन गेलो, लॅब उघडली आणि खनिजांचा ट्रे त्याच्यापुढे ठेवला.

"मामा, मले गोट्या खेळायले आनलं का?"

"खेळ तं खरं. याच्यात सगळ्यात जड कोनतं ते सांग."

त्याने एकेक दगड तळहातावर तोलला आणि बराईट बरोबर काढलं. नखाने जिप्सम ओरबाडलं. कॅल्साईटवर आम्लाचा थेंब टाकला तर म्हणाला, "हे तं सोड्यासारखं फसफसून राह्यलं," आणि दगड नाकाशी नेला.

"तोंडाजवळ नको नेऊ."

"तुमीच तं आता जिभीले दगड लावला."

"तो वेगळा."

"तुमचं सगळंच वेगळं राह्यते."

त्याला मजा येत होती. मलाही येत होती, आणि तीच मोठी वाईट गोष्ट होती. इतका चांगला हात आणि इतकी चांगली बोटं मी माझ्या वर्गात क्वचित पाहिली आहेत. मी पांढरा फरशीचा तुकडा घेतला. त्यावर आधी हेमटाईटची रेघ ओढली, तिच्या शेजारी लिमोनाईटची. दोन्ही लोखंडाचीच खनिजं. पहिल्याची रेघ लालसर असते, दुसऱ्याची पिवळट.

"या दोन रेघा. रंग सांग."

तो वाकला. मग तुकडा उचलून खिडकीपाशी गेला.

"एक गडद हाय, एक फिकी. रंग तोच हाय ना?"

मी आम्लाच्या बाटलीला बूच लावलं.

"चुकलं का?" त्याने पुन्हा निरखून पाहिलं. "नाई मामा, रंग तोच हाय. तुमी सांगा बरं, कोनता?"

"पुस्तकात लिहिलं हाय, ही लाल अन् ही पिवयी."

"पुस्तक जाऊ द्या. तुमाले काय दिसते?"

इतकी वर्षं मी हा प्रश्न मुलांना विचारत आलो होतो. मला तो कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मले बी तेच दिसते. एक गडद, एक फिकी."

तो आधी हसला. मी थट्टा करतो असं त्याला वाटलं. मग त्याचं हसू थांबलं. मी स्टुलावर बसलो आणि सांगितलं, सगळं, म्हणजे ठिपक्यांचं पुस्तक, खाण, आजोबांना मारलेली थाप. तो फरशीचा तुकडा हातात धरून उभा होता.

"तुमाले कवापासून मालूम हाय?"

"माह्यं?"

"तुमचं नाई. माह्यं."

"तू संत्र्याची तोड करत होता, तवापासून."

त्याने तुकडा सावकाश टेबलावर ठेवला. हेमटाईट उचलून ट्रेमधल्या त्याच्या खणात परत ठेवलं, मग लिमोनाईट. "अन् मी बारावीपर्यंत इंजिनाचे फोटो जमवत राह्यलो," तो म्हणाला.

"मले वाटलं..."

"काय वाटलं तुमाले?"

वाटलं काहीच नव्हतं. "मले माहीच लाज वाटली," मी म्हणालो.

तो खिडकीबाहेर पाहत राहिला. माझ्याकडे न बघताच बोलला, "चौकात मी वरचा दिवा लागला का खालचा, ते पाहून थांबतो. मले वाटे, सगळेच तसंच करतात." मग तो वळला. "आईले कोन सांगन?"

"मी सांगतो."

"आजच."

आम्ही एसटीने निघालो. आर्वीपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याला दोष देत नव्हतो. आर्वी गेल्यावर त्याने एकदम खिडकीबाहेर बोट दाखवलं. "मामा, ते कौलं अन् ते लिंबाचं झाड, तुमाले येगयं दिसते का?"

"आकारानं दिसते."

"मले बी." मग एका बाईचं लुगडं झालं, ट्रॅक्टर झाला, ढाब्याची पाटी झाली. आम्ही एकमेकांना विचारत गेलो. समोरच्या सीटवरचा माणूस वळून वळून पाहत होता. मला जे दिसतं ते ताडून पाहायला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मिळालं होतं. मी ज्या कामासाठी चाललो होतो ते पाहता मला आनंद व्हायला नको होता, पण झाला.

बहीण ओसरीत तुरीची डाळ निवडत होती. आम्हाला दोघांना बघून तिने सूप खाली ठेवलं. "न सांगता आला, भाऊ? सीट पक्की झाली का पोट्ट्याची?"

मी सुरुवात केली ती भलतीकडून, नेत्रपटलापासून. भाच्याने मला थांबवलं. "आई, मले लाल-हिरवा समजत नाई. मामाले बी नाई समजत. रेल्वेत चालक म्हनून घेनार नाईत."

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि मी जिथे सगळ्यात शेवटी येणार होतो, तिथे ती सगळ्यात आधी पोचली.

"मंग तुही खाणीची नोकरी?"

"सोडली नवती. त्याइनंच नाई घेतलं."

"अन् बाबा मरेस्तोवर विहारात सांगत होते."

"हो."

"बाबाले नाई सांगतलं ते समजलं मले. त्याइचा जीव होता त्याच्यात." तिने सूप पुन्हा मांडीवर घेतलं, पण डाळीत हात घातला नाही. "पन माह्या पोट्ट्याचं? तुले मालूम होतं, अन् तू पेढे खाल्ले?"

मी मान हलवली.

"एवढा शिकला म्हने. एवढं शिकून तुले तोंड उघडता नाई आलं."

याहून जास्त ती बोलली नाही. जेवायला वाढलं. भाजी संपली की न विचारता पुन्हा वाढत होती, आणि वाढताना डाव ताटावर आपटत होती. भाऊजी मात्र ऐकल्यापासून पोराकडे पाहत होते. हात धुताना ते त्याला म्हणाले, "म्हंजे तवा बागेत मी तुले फुकटच शिव्या घातल्या." पोरगं म्हणालं, "बटन म्हन्लं होतं तुमी." दोघंही हसले. त्या घरात त्या दिवशी हसू आलं ते एवढंच, पण आलं.

नंतर वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात त्याची रीतसर तपासणी झाली. मी बाहेर बाकावर बसलो होतो. तो बाहेर आला आणि म्हणाला, "मामा, डॉक्टर म्हनते त्या पुस्तकात आकडे हायेत. मले तं नुसते फुटाणे दिसले." इलेक्ट्रिशियनलाही तारांचे रंग ओळखावे लागतात, म्हणून त्याने ट्रेड बदलून फिटरचा घेतला. रेल्वेचं दुःख त्याला झालंच. काही आठवडे गाडीचा हॉर्न वाजला की तो मागच्या खोलीतून उठून पुढच्या खोलीत यायचा. पण कानशीने लोखंड घासायचं काम त्याला आवडलं. पृष्ठभाग सपाट झाला की नाही, हे त्याला माप लावायच्या आधी बोटांनी कळतं म्हणतो. तो आता आमच्याकडेच राहतो. संध्याकाळी हाताला लोखंडाचा वास घेऊन येतो, मामीशी भांडतो, माझ्या ताटातलं लोणचं उचलतो. घर भरलं आहे.

कॉलेजात मी सांगून टाकलं. सहकाऱ्यांनी दोन दिवस चर्चा केली, मग परीक्षांच्या ड्यूट्या लागल्या आणि विषय संपला. विहारात अजून सांगितलेलं नाही. तिथे वडिलांचा आवाज अजून ऐकू येतो, म्हणून असेल. हे छापून आलं तर तिथले लोक वाचतील. समोर उभं राहून बोलणं मला आजही जमेल असं वाटत नाही.

बहिणीचा राग पावसाळाभर टिकला. पोराला फोन करायची, माझी चौकशीही करायची नाही. मग एके दिवशी तिचा फोन माझ्याच मोबाइलवर आला.

"हे आईकडून येते म्हन्ते ना तू?"

"हो."

"म्हंजे माह्याकडून आलं."

"तुह्याकडून, तुह्याकडं आपल्या आईकडून. याच्यात कोनाचा दोष नाई, ताई."

"दोषाचं कोन बोलून राह्यलं?" तिची थोरली मुलगी हिंगणघाटला असते. तिचा मुलगा नुकता बालवाडीत जाऊ लागला आहे. "पोरीच्या पोट्ट्याले बी असन का मंग?"

"असनच असं नाई. असू शकते."

"तं तिले सांग. मी नाई सांगत, तू सांग. अन् आत्ताच सांग. मी फोन ठेवते."

मी भाचीला फोन लावला. या वेळी नेत्रपटलापासून सुरुवात केली नाही. सरळ सांगितलं की मला आहे, तुझ्या भावाला आहे, तुझ्या लेकाला असू शकतं.

"एवढंच ना मामा? तुमचा आवाज ऐकून मले वाटलं कोनी गेलं."

"तो लहान हाय, इतक्यात कयनार नाई. पन रंग चुकला तं त्याले रागावजो नको. अन् मोठा झाला का तपासून घेजो."

"कालच त्याले रंगाचे खडू आनले मी."

"त्याच्यावर चिठ्ठ्या चिकटव. रंगाचं नाव लिही."

"मामा, त्याले वाचता कुठं येते?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. कॉलेजात शिकवणाऱ्या माणसाचं असं होतं. मी विचार केला. "मंग चित्र काढ. लाल खडूवर टमाटर, हिरव्यावर पान."

ती हसली. खडूची पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि तिने लेकाला हाक मारली. फोन तिने तसाच बाजूला ठेवला असावा. कागद फाडल्याचं ऐकू आलं, मग तिचा आवाज, "हे काय हाय, सांग," आणि एक बारीक आवाज, "तमातल." "अन् हे?" "पान." त्याला ती चित्रं लागणार आहेत की नाही, हे अजून कोणालाच माहीत नव्हतं. मी फोन कानाला धरून ऐकत राहिलो. तेवढ्यात मधेच टूं-टूं वाजू लागलं. स्क्रीनवर बहिणीचा नंबर होता. मी सांगितलं की नाही, ते तिला बघायचं होतं.